ब्रेक ऑइल: रस्त्यासाठी कोणतं, ट्रॅकसाठी कोणतं?

सोलापूर आणि आसपासच्या वाचकांकडून ब्रेक ऑइलविषयी आलेल्या पत्रांना या वेळी एकत्र उत्तरं देत आहोत. पत्रं थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न: माझी टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे, वजन साधारण 1100 किलो. रोज घर ते चिंचोली एमआयडीसी असा वापर. आता कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेसाठी (स्वतःची गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवायचा दिवस) जायचं ठरवलंय. गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर डॉट 4 लिहिलंय. दुकानदार म्हणतात डॉट 5 घाला, आकडा मोठा म्हणजे ऑइल भारी. मित्र म्हणतो 5.1 घे. नक्की काय घालू? (जुळे सोलापूर)

उत्तर: डॉट 5 अजिबात नको. आकडा मोठा असला तरी ते 3 आणि 4 च्या पुढची पायरी नाही, त्याची जातच वेगळी आहे. डॉट 3, 4 आणि 5.1 ही तिन्ही ग्लायकॉल ईथरवर आधारलेली ऑइलं. ती एकमेकांत मिसळली तरी सील बिघडत नाहीत, फक्त मिश्रणाचा दर्जा खाली येतो. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, रंगाने जांभळं. ग्लायकॉलच्या ऑइलमध्ये ते मिसळत नाही. त्यात बारीक हवा अडकून राहते, एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पंप ती घुसळतो आणि पेडल मऊ लागतं. पाणीही त्यात विरघळत नाही. आत शिरलेलं पाणी थेंबाथेंबाने सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे कॅलिपरमध्ये (चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात), जाऊन बसतं. तिथे गंज धरतो आणि ट्रॅकवर हेच पाणी आधी वाफ होतं. एबीएस असलेल्या तुमच्या गाडीत त्याला जागा नाही.

आता 4 की 5.1. डॉटचे हे वर्ग अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस 116 या मानकातून आले. त्यात प्रत्येक वर्गाला उकळण्याची दोन तापमानं ठरवलेली आहेत. 'कोरडं' तापमान ताज्या ऑइलचं, 'ओलं' तापमान साधारण 3.7 टक्के पाणी शोषलेल्या ऑइलचं. डॉट 3 ला कोरडं 205 आणि ओलं 140 अंश सेल्सिअस, डॉट 4 ला 230 आणि 155, डॉट 5.1 ला 260 आणि 180. हे किमान आकडे आहेत. म्हणजे वर्गात बसायला एवढं तरी हवं. त्यापेक्षा कितीही वर गेलं तरी वर्ग तोच राहतो. म्हणूनच बाजारात डॉट 4 च्याच नावाखाली 240 अंशांचं साधं ऑइलही मिळतं आणि मोट्यूल आरबीएफ 600 सारखं 312 अंशांचं रेसिंगचं ऑइलही. बाटलीच्या पुढच्या बाजूचा मोठा आकडा सोडा, मागच्या लेबलवरची दोन तापमानं वाचा. ती छापलेलीच नसतील तर ट्रॅकसाठी ती बाटली घेऊ नका.

आमचं मत असं: कंपनीचे पॅड, कंपनीचे टायर, 15-20 मिनिटांची सत्रं आणि चालक पहिल्यांदाच ट्रॅकवर, एवढ्यासाठी नावाजलेल्या कंपनीचं, ट्रॅक डेच्या आधी एका महिन्याच्या आत बदललेलं 5.1 पुरेसं आहे. कोरडं 260 आणि ओलं 180 च्या वर असलेलं डॉट 4 मिळालं तर तेही तितकंच चालेल. दोन वर्षांचं जुनं 5.1 घालून जाण्यापेक्षा काल भरलेलं साधं डॉट 4 केव्हाही चांगलं. रेसिंगच्या ऑइलची गरज ट्रॅकचे पॅड आणि चिकट टायर लावल्यावर पडते, कारण मग तुम्ही उशिरा आणि जोरात ब्रेक मारू शकता आणि उष्णताही तेवढीच वाढते. तिथे कॅस्ट्रॉल एसआरएफसारख्या महाग ऑइलचंही एक कारण कळतं: त्याचं ओलं तापमानच 270 अंश आहे, म्हणजे थोडं पाणी धरलं तरी ते तग धरतं.

उष्णतेचा हिशोब समोर ठेवला की हे जास्त पटेल. 1100 किलोची गाडी 60 च्या वेगावरून थांबवताना ब्रेक साधारण 153 किलोज्यूल ऊर्जा पचवतात. तीच गाडी 150 वरून 60 वर आणताना 800 किलोज्यूल, म्हणजे पाचपटीहून जास्त, आणि तेही काही सेकंदांत. शहरात सात रस्त्यापासून विजापूर नाक्यापर्यंत शंभरदा ब्रेक मारला तरी मध्ये डिस्क गार होत राहते. कारीचा ट्रॅक सुमारे 2.1 किलोमीटरचा, छोटा. तिथे वेग ग्रेटर नोएडाच्या मोठ्या बुद्ध सर्किटइतका चढत नाही, पण वळणं जवळजवळ असल्याने गार व्हायला वेळही मिळत नाही.

दोन गोष्टी आणखी. पॅड निम्म्याहून जास्त झिजले असतील तर जाण्याआधी बदला. पॅडचं अस्तर म्हणजे डिस्क आणि पिस्टन यांच्यामधला उष्णतेचा आडोसा. ते पातळ झालं की तीच डिस्क ऑइलला जास्त भाजते. दुसरं, काही नव्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ईएसपीसाठी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) पातळ, 'क्लास 6' ऑइल लिहिलेलं असतं. हा पातळपणा उणे 40 अंशांवर मोजतात. सोलापूरच्या थंडीत तो प्रश्न येणार नाही, पण ईएसपीच्या व्हॉल्व्हची रचना त्या पातळपणावर केलेली असते. तुमच्या मॅन्युअलमध्ये तसं असेल तर रस्त्यासाठी तेच वापरा. रेसिंगची बहुतेक ऑइलं त्याहून घट्ट असतात.

सत्र संपल्यावर शेवटची फेरी ब्रेक जवळपास न मारता, सावकाश घ्या. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला ओट (दगड किंवा ठोकळा) लावा. का, ते पुढच्या पत्राच्या उत्तरात आहे. ट्रॅकवरून परत आल्यावर प्रत्येक कॅलिपरमधून 30 ते 50 मिली ऑइल काढून टाका. सगळ्यात जास्त भाजलेलं ऑइल तिथलंच असतं.

प्रश्न: नवरात्रात तुळजापूरहून परतताना घाट उतरलो. गाडीत सात माणसं. घाटात ब्रेक व्यवस्थित लागत होता. खाली चहाला दहा मिनिटं थांबलो आणि निघताना पेडल थेट खाली गेलं. अर्ध्या तासाने पुन्हा नेहमीसारखं झालं. मेकॅनिकने तपासलं, गळती नाही. गाडी आठ वर्षांची, डिझेल. ब्रेक ऑइल कधी बदलल्याचं आठवत नाही. आता ब्रेक ठीक आहे, तर काही करायला हवं का? (विजापूर रोड)

उत्तर: हवं, आणि ते होईपर्यंत ही गाडी घाटात नेऊ नका. तुमचं ऑइल उकळलं होतं.

गाडी चालू असताना डिस्कवर वारा लागतो. थांबल्यावर वारा बंद होतो, पण डिस्क अजून तापलेली असते. ती उष्णता पॅडमधून पिस्टनमध्ये आणि पिस्टनमधून ऑइलमध्ये उतरत राहते. वर सावकाश फेरी घ्या आणि हँडब्रेक ओढू नका म्हटलं ते याचसाठी. म्हणून ऑइलचं तापमान घाटात नव्हे, चहाच्या दहा मिनिटांत सर्वांत वर गेलं. जुन्या ऑइलमधल्या पाण्याची वाफ झाली. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पायाचा सगळा जोर ती वाफ दाबण्यात गेला, पॅडपर्यंत पोचलाच नाही. गार झाल्यावर वाफेचं पुन्हा पाणी झालं आणि पेडल वर आलं. गळती न सापडण्याचं कारण हेच. बिघाड गेलेला नाही, लपलेला आहे.

ब्रेक कमी लागण्याचा दुसरा प्रकार यापासून वेगळा ओळखता आला पाहिजे. पेडल कडक आहे, पूर्ण जोर लावूनही गाडी हळू होत नाही, जळका वास येतोय, तर पॅड तापून निसटत आहेत. पेडल मऊ झालं, खाली गेलं, तर ऑइल उकळलंय किंवा हवा धरली आहे. पहिल्यात ऑइल बदलून काही होत नाही, दुसऱ्यात पॅड बदलून काही होत नाही.

ऑइल पाणी पितंच, ते थांबवता येत नाही. रबरी होसमधून, डबीच्या झाकणातल्या श्वासछिद्रातून हवेतली ओल आत जाते. सोलापूरची हवा कोकणाच्या मानाने कोरडी, म्हणून आपल्याकडे हे सावकाश होतं एवढंच. आठ वर्षांत ऑइलचं उकळण्याचं तापमान वर सांगितलेल्या 'ओल्या' तापमानाच्याही खाली गेलेलं असू शकतं. शिवाय भरलेली गाडी उतारावर किती उष्णता करते ते बघा: 2000 किलोची गाडी 100 मीटर खाली उतरते तेव्हा जवळपास 2000 किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. इंजिनने ती घेतली नाही तर सगळी ब्रेकवर येते.

आता काय कराल. एक, संपूर्ण ऑइल बदला, एक लिटर आणा. दोन, कॅलिपरच्या सरक-पिना आणि पिस्टन मोकळे आहेत का बघा. यासाठी गाडी 10 किलोमीटर, ब्रेक कमी मारत, चालवा आणि चारही चाकांचं तापमान इन्फ्रारेड गनने मोजा. पुढच्या दोन चाकांत किंवा मागच्या दोन चाकांत 30-40 अंशांचा फरक असेल तर जास्त तापलेल्या बाजूचा ब्रेक धरून राहतोय. तीन, हँडब्रेक जास्त ताणलेला नाही ना ते पाहा. चार, होस फुगलेले किंवा तडकलेले असतील तर तेही बदला. आठ वर्षांत तडे जातात.

आणि घाटात: ज्या गिअरवर चढाल त्याच गिअरवर उतरा. ब्रेकवर पाय ठेवून राहू नका. थोडा वेळ ठामपणे मारा, वेग उतरला की पूर्ण सोडा.

प्रश्न: उन्हाळ्यात गाडी दिवसभर उन्हात उभी असते, पारा 43-44 वर. ब्रेक ऑइल खराब होतं का? (अक्कलकोट)

उत्तर: नाही. 200 अंशांच्या पुढे उकळणाऱ्या ऑइलला 44 अंशांचं काही वाटत नाही. ब्रेक मारल्यावर डिस्कचं तापमान थोडं वरून सुरू होतं, इतकंच. ऑइलचा खरा शत्रू पाणी. प्रेशरच्या पाण्याने बॉनेट धूत असाल तर डबीच्या झाकणावर फवारा मारू देऊ नका.

प्रश्न: ब्रेक ऑइल घरी बदलायचं आहे. एबीएस आहे. किती लागेल, क्रम काय, आणि एबीएसचं काय करायचं? (होटगी रोड)

उत्तर: साध्या हॅचबॅकला किंवा सेडानला एक लिटर आणा. पूर्ण बदलताना 600 ते 800 मिली लागतं, उरलेलं डबी भरायला. सुटं ऑइल घेऊ नका. सीलबंद बाटली, तारीख बघून.

साहित्य: 8 किंवा 10 चा रिंग पाना (निपलच्या मापाप्रमाणे; निपल म्हणजे चाकापाशी ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा पोकळ बोल्ट), निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक सिलिकॉन नळी, काचेची बरणी, 50 मिलीची सिरिंज, जॅक आणि घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), रबरी हातमोजे, पाण्याची बादली. पाणी रंगासाठी. ब्रेक ऑइलने गाडीचा रंग सुटतो. सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

सपाट जागेवर गाडी घोड्यांवर घ्या, नुसत्या जॅकवर नाही. इंजिन बंद. पहिलं काम, सिरिंजने डबीतलं जुनं ऑइल ओढून काढा आणि नवीन भरा. हे न करता सुरुवात केली तर तेच काळं ऑइल तुम्ही चारही चाकांतून फिरवता. पेडलच्या खाली लाकडाची फळी ठेवा, म्हणजे पेडल तळाला टेकणार नाही. जुन्या मास्टर सिलिंडरच्या (पेडलचा जोर ऑइलला देणाऱ्या, डबीखालच्या भागाच्या) आत, रोजच्या वापरात सील जिथे कधी जात नाही त्या भागात गंज आणि कचरा साठलेला असतो. पेडल पूर्ण दाबलं की सील त्यावरून घासतं आणि कापलं जातं. 'ऑइल बदललं आणि दुसऱ्या दिवशी ब्रेक पडला' अशी तक्रार येते, तिच्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

क्रम मॅन्युअलमध्ये दिला असेल तर तो. नसेल तर मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून जवळच्याकडे. उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाडीत: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पहिल्या चाकाला 200 ते 250 मिली, दुसऱ्याला 150, पुढच्या दोन्हींना 100-100 मिली. पण आकड्यापेक्षा नळीतल्या रंगावर विश्वास ठेवा.

दोघं लागतात. एक पेडलवर, एक चाकापाशी. चाकापाशी बसलेल्याने नळीचं टोक बरणीतल्या ऑइलमध्ये बुडवायचं आणि "दाब" म्हणायचं. पेडल सावकाश दाबलं गेलं की निपल पाव ते अर्धा आटा सोडायचा. नळीत आधी गडद तपकिरी ऑइल येतं, मध्येच मोहरीएवढे बुडबुडे, आणि मग एका ठिकाणी गडद संपून फिकट पिवळ्याची रेघ सरकत येते. पेडल फळीला टेकण्याआधी निपल बंद, मग "सोड". हा क्रम चुकला, पेडल आधी सुटलं, तर त्याच निपलमधून हवा आत ओढली जाते. दर सात-आठ दाबांनंतर डबी बघा. पातळी किमान रेषेखाली गेली आणि हवा शिरली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

हवा ओढणाऱ्या पंपाने काम करत असाल तर निपलच्या आट्यांतून बाहेरची हवा नळीत येते आणि बुडबुडे संपतच नाहीत. ती लाइनमधली हवा नसते. आट्यांभोवती थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं की कळतं.

निपल घट्ट करताना मनगटाचा जोर पुरे. बहुतेक गाड्यांत 8 ते 10 न्यूटन मीटर एवढंच हवं असतं. लांब पाना घालून ताणलं तर निपल आत तुटतं आणि मग कॅलिपर काढावा लागतो. गंजलेलं निपल आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. काम झालं की रबरी टोपी परत बसवा. ती नसली की पावसाचं पाणी निपलमध्ये साठतं.

एबीएसचं: लाइनमध्ये हवा शिरू दिली नाही तर नुसतं ऑइल बदलायला स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचं यंत्र) लागत नाही. मॉड्युलेटरच्या (एबीएसचे पंप आणि व्हॉल्व्ह असलेल्या भागाच्या) आत थोडं जुनं ऑइल राहतं, रस्त्यासाठी ते चालतं. मॉड्युलेटर काढला असेल किंवा डबी रिकामी होऊन हवा आत गेली असेल, तर बहुतेक गाड्यांत स्कॅनरने पंप आणि व्हॉल्व्ह चालवूनच ती निघते. ते काम सर्व्हिस सेंटरला द्या. क्लच हायड्रॉलिक असेल तर तोही बघा, अनेक गाड्यांत तो याच डबीतून ऑइल घेतो.

शेवटी फळी काढा, इंजिन चालू करून पेडल मिनिटभर जोरात दाबून धरा. पेडल हळूहळू खाली सरकत असेल तर गाडी हलवू नका. चारही निपल कोरडी आहेत ना बघा, मग मोकळ्या जागी 10 च्या वेगाने ब्रेक मारून बघा.

प्रश्न: 390 सीसीची बाइक आहे. पुढच्या ब्रेकचं ऑइल बदलल्यापासून लिव्हर हँडलपर्यंत येतं. तीनदा हवा काढली. (मोहोळ)

उत्तर: बाइकमध्ये हवा बहुधा सगळ्यात वर, मास्टर सिलिंडरच्या बँजो बोल्टपाशी (होस जोडणाऱ्या पोकळ बोल्टपाशी) अडकते. कॅलिपरच्या निपलमधून कितीही ऑइल काढा, ती तिथेच बसून राहते, कारण तिचा कल वर जाण्याचा. हँडल असं वळवा की डबी सगळ्यात उंच येईल. टाकीवर ओलं फडकं टाका. लिव्हर हलकं दाबून धरा, बँजो बोल्ट पाव आट्याहून कमी सोडा, फसकन हवा आणि दोन थेंब ऑइल आलं की लिव्हर सोडण्याआधी घट्ट करा. दोन-तीनदा पुरे. बोल्ट पूर्ण काढलात तर तांब्याचे वॉशर नवेच लावा. रात्रभर लिव्हर रबराने बांधून ठेवल्याने बारीक बुडबुडे निघायला मदत होते, मोठी हवा मात्र त्याने जात नाही.

हवा नसतानाही लिव्हर लांब येत असेल तर चाक हलवून बघा. बेअरिंग ढिलं किंवा डिस्क वाकडी असली की ती पॅडना मागे ढकलते आणि पहिला दाब वाया जातो. दुसऱ्यांदा दाबल्यावर लिव्हर वर येत असेल तर इथे शोधा. पुढच्या ब्रेकला 150 मिलीच्या आसपास ऑइल पुरतं. डबीवर लिहिलेला वर्गच घाला.

प्रश्न: चुकून डबीत पॉवर स्टिअरिंगचं ऑइल पडलं, अर्धा कप. गाडी दोन किलोमीटर चालवली. (पंढरपूर)

उत्तर: आता चालवू नका, उचलून न्या. ते खनिज तेल आहे. ब्रेकची रबरी सील त्यात फुगतात, पिस्टन परत येत नाहीत आणि ब्रेक धरून राहतो. गाडी चालवल्यामुळे तेल डबीपुढे गेलं असं धरून चाला. लाइन पूर्ण धुऊन, मास्टर सिलिंडर, कॅलिपर आणि व्हील सिलिंडरची किट, होस, डबीच्या झाकणाचं रबर, सगळं बदलावं लागतं. एबीएस मॉड्युलेटरची सील वेगळी मिळत नाहीत, म्हणून तोही बदलण्याच्या यादीत येतो. खर्च मोठा आहे, तरी नुसतं ऑइल बदलून गाडी रस्त्यावर आणू नका.

प्रश्न: ऑइल काळं झालं की बदलायचं, हे खरं का? आणि पातळी खाली गेली की वर भरत राहिलं तर चालतं का? (बार्शी)

उत्तर: रंगावरून पाणी कळत नाही. होसच्या रबरामुळेही ऑइल काळं होतं, आणि स्वच्छ पिवळ्या ऑइलमध्येही 3 टक्के पाणी असू शकतं. पेनसारखे टेस्टर अंदाज देतात. ऑइल प्रत्यक्ष उकळवून मोजणारं यंत्र खात्रीचं, मोठ्या वर्कशॉपमध्ये असतं. ते नसेल तर दोन वर्षांनी बदला, रंग कसाही असो.

पातळी खाली गेली तर आधी पॅड बघा. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतात आणि डबीतलं ऑइल त्यांच्यामागे जातं. तेव्हा वर भरलंत तर नवे पॅड बसवताना तेच ऑइल डबीबाहेर सांडतं. पॅड चांगले असून पातळी उतरत असेल तर गळती आहे, मागच्या ड्रमच्या आतपासून शोधायला सुरुवात करा.

प्रश्न: 500 मिलीच्या बाटलीतलं अर्धं उरलंय. झाकण घट्ट लावून ठेवलंय. पुढच्या वर्षी वापरू का? (मुरारजी पेठ)

उत्तर: नको. सील तुटल्यावर बाटलीतल्या रिकाम्या जागेतली ओल ते शोषत राहतं. आठवडाभरात दुसऱ्या गाडीला लागलं तर ठीक, नाहीतर जुन्या ऑइलबरोबर बंद डब्यात भरून वर्कशॉपच्या टाकाऊ ऑइलमध्ये द्या. गटारात किंवा मातीत ओतू नका, आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. ते विषारी आहे, गोडसर लागतं आणि घरात मुलं असतात.